आधी बोट की आधी गाडी?

१. तिसरा प्रश्न

फिरत्या पुलाचे चित्र दाखवले की बहुतेक जण आधी यंत्राबद्दल विचारतात: शेकडो टन लोखंड, त्यावर रूळ, आणि हे सगळे नदीच्या मधोमध फिरते तरी कसे? त्यामागोमाग येणारा प्रश्न भीतीचा असतो: पूल उघडा असताना गाडी आली तर? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींची उत्तरे या प्रकरणात येतील. पण या पुलांचा इतिहास नीट पाहिला तर लक्षात येते, की त्यांच्या खांबांची जागा, गाळ्यांची लांबी, बोटींसाठी सोडलेल्या वाटेची रुंदी हे सगळे एका तिसऱ्याच प्रश्नाने ठरवले. बोट आणि गाडी एकाच वेळी आली, तर थांबायचे कुणी? हे पूल इंजिनिअरांनी घडवले हे खरे, पण त्यांची मापे बऱ्याच अंशी कोर्टातल्या भांडणांतून आणि कायद्याच्या कलमांतून आली, असे माझे म्हणणे आहे.

ते तपासून पाहायला अमेरिकेतल्या रॉक आयलंडइतके चांगले ठिकाण नाही. मिसिसिपी नदीच्या एका काठावर आयोवा राज्यातले डेव्हनपोर्ट शहर, दुसऱ्या काठावर इलिनॉय राज्यातले रॉक आयलंड शहर आणि मध्ये एक लांबट बेट. मिसिसिपीवरचा पहिला रेल्वे पूल १८५६ साली इथे उभा राहिला आणि त्यात एक फिरता गाळा होता. आज तिथे उभा असलेला पूल १८९६ सालचा आहे, आणि तोही फिरतो. या दोन पुलांच्या मधल्या चाळीस वर्षांत जे घडले, त्यातून वरच्या प्रश्नाचे उत्तर तयार झाले.

२. मग पूल उंचच का बांधला नाही?

ही शंका सगळ्यात आधी येते. पूल पुरेसा उंच असेल तर खालून बोट जाईल, वरून गाडी जाईल, कुणालाच थांबावे लागणार नाही. अडचण पुलाची नसून पुलापर्यंत पोचण्याची आहे. त्या काळच्या मिसिसिपीवरच्या आगबोटींना उंच धुराडी असत. त्यासाठी पुलाखाली, नदीला मोठा पूर असतानासुद्धा, ५० फूट मोकळी जागा ठेवायची आहे असे धरू. हा आकडा मनाने घेतलेला नाही; पुढे अमेरिकन कायद्याने उंच पुलासाठी हाच घातला.

आता हिशेब करू. रेल्वेला चढ सोसत नाही. लोखंडी चाक गुळगुळीत रुळावर कमी घर्षणाने धावते, हा रेल्वेचा मोठा फायदा. पण त्याच कमी घर्षणामुळे चढावर इंजिनाची पकड सुटते. बोरघाटात चढ ३७ फुटांत १ फूट एवढा आहे आणि तिथे गाडीला जादा इंजिने लावावी लागतात. सपाट मुलखातल्या मालगाडीसाठी १०० फुटांत १ फूट चढ हाही पुष्कळ म्हणायचा. म्हणजे ५० फूट वर चढायला ५,००० फुटांचा भराव किंवा खांबांची रांग हवी, आणि तेवढीच पलीकडच्या काठावर उतरायला. दोन्ही मिळून जवळजवळ दोन मैल. सपाट काठांवर वसलेल्या दोन शहरांच्या गल्ल्या, गोदामे आणि धक्के यांच्या डोक्यावरून ही चढण न्यायची! बरे, स्टेशन नदीकाठीच असले तर गाडी त्याच्या कितीतरी उंचावरून निघून जाणार.

उंच पूल अशक्य नव्हता. १८७४ साली सेंट लुइस शहरात जेम्स ईड्सने मिसिसिपीवर पोलादी कमानींचा उंच पूल बांधून दाखवला. पण तिथे रूळ पुलावरून थेट शहराच्या पोटातल्या बोगद्यात न्यावे लागले. १८५० च्या दशकात, जेव्हा रेल्वे कंपन्या उधारीच्या पैशावर पश्चिमेकडे धावत होत्या, तेव्हा असा खर्च कुणी करणार नव्हते. तेव्हा बुटका पूल बांधायचा आणि बोट आली की त्याचा एक गाळा बाजूला करायचा, हाच मार्ग उरला.

३. फिरवणे सोपे, बसवणे अवघड

जाते आठवा. वरची तळी एकट्या बाईला उचलवत नाही, पण तीच बाई ती तळी एका हाताने तासभर फिरवते. फिरवताना वजन वर न्यायचे नसते, फक्त घर्षणावर मात करायची असते. फिरत्या गाळ्याचे गुपित एवढेच आहे. नदीत एक रुंद गोल खांब बांधतात. त्यावर गाळा मधोमध ठेवतात, म्हणजे दोन्ही बाहू सारख्या लांबीचे आणि सारख्या वजनाचे होतात. काही पुलांत सगळे वजन मध्यावरच्या एका जाड खुंटावर तोललेले असते. काहींत ते गोल कड्याखाली बसवलेल्या रोलरांच्या माळेवर पसरलेले असते. तोल साधला की गाळा फिरवायला लागणारी ताकद त्याच्या वजनाच्या मानाने फारच थोडी. लहान पूल तर माणसे दांडे लावून हातांनी फिरवत.

गाळा पाण्याच्या दिशेला वळला की मधल्या खांबाच्या दोन्ही बाजूंना एकेक वाट मोकळी होते. एकीतून वर जाणारी बोट, दुसरीतून खाली येणारी. या रचनेचा फायदाही हाच आणि दोषही हाच. कारण त्या दोन वाटांच्या मध्ये, नेमक्या वाहत्या धारेत, खांब उभा असतो. हा खांब लक्षात ठेवा. पुढची सगळी भांडणे त्याच्याभोवती झाली.

खरे कौशल्य मात्र गाळा परत बसवण्यात असते. उघडा असताना गाळ्याची दोन्ही टोके हवेत लोंबतात आणि स्वतःच्या भाराने किंचित खाली झुकतात. तो तसाच बंद केला आणि एका बाहूवर गाडी चढली, तर तो बाहू दबेल, दुसऱ्याचे टोक वर उचलले जाईल आणि दर गाडीगणिक दणके बसतील. म्हणून बंद झाल्यावर टोकांखाली पाचरी सारून ती वर उचलतात. गाळा आता मधल्या खांबावर आणि दोन टोकांवर असा तीन ठिकाणी टेकतो. मग रुळांची तोंडे एकमेकांसमोर आणून अडकवतात. पुढच्या काळात या साऱ्याची साखळी सिग्नलशी जोडली गेली: पाचरी पूर्ण बसल्याशिवाय आणि रूळ अडकल्याशिवाय गाडीला हिरवा सिग्नल देताच येत नाही, आणि गाडीला सिग्नल दिलेला असताना पाचरी काढता येत नाहीत. पूल उघडा असताना गाडी आली तर काय, या प्रश्नाचे यांत्रिक उत्तर हे आहे. ते फुकट मिळालेले नाही. ६ मे १८५३ रोजी कनेटिकट राज्यातल्या नॉर्वॉक शहरात, आगबोटीसाठी उघडलेल्या पुलावरून एक प्रवासी गाडी सरळ नदीत गेली आणि सुमारे ४६ माणसे मेली. तिथला सिग्नल म्हणजे खांबावर चढवायचा एक लाल गोळा होता. तो चढवलेला नाही हे इंजिन चालवणाऱ्याने वेळेवर पाहिले नाही.

४. एफी आफ्टन

रॉक आयलंडचा पूल बांधला जाण्याआधीच कोर्टात गेला होता. बेट सरकारी मालकीचे होते आणि तेव्हाचे युद्धमंत्री जेफरसन डेव्हिस यांचा पुलाला विरोध होता. पॅसिफिक महासागराकडे जाणारी रेल्वे दक्षिणेकडच्या राज्यांतून जावी असे त्यांना वाटत होते, आणि उत्तरेत मिसिसिपी ओलांडली गेली तर ती संधी हुकणार होती. १८५५ साली सरकारने मनाई हुकूम मागितला. न्यायमूर्ती जॉन मॅक्लीन यांनी तो दिला नाही. पूल पुरा झाला. लाकडी गाळे, लांबी सुमारे १,५८० फूट, त्यात पाच स्थिर गाळे आणि एक फिरता. फिरत्या गाळ्याच्या दोन्ही अंगांना बोटींसाठी साधारण ११६ ते १२० फुटांच्या वाटा. एप्रिल १८५६ मध्ये पहिली गाडी पार झाली.

जेमतेम दोन आठवडे गेले. ६ मे १८५६ रोजी, म्हणजे नॉर्वॉकच्या अपघाताला बरोबर तीन वर्षे होत असताना, एफी आफ्टन नावाची आगबोट प्रवाहाविरुद्ध वर निघाली. दोन्ही अंगांना चाके असलेली ही बोट उघड्या गाळ्यातून पार झाली, सुमारे दोनशे फूट पुढेही गेली, आणि मग तिचे उजवे चाक थांबले. बोट आडवी झाली, धारेने तिला मागे ओढून पुलावर आदळले. बोटीवरची शेगडी कलंडून आग लागली. बोट बुडाली आणि पुलाचा गाळाही जळाला. माणसे वाचली. आसपासच्या आगबोटींनी पूल पडताना पाहून आनंदाने भोंगे वाजवले, यावरून नदीवरच्या लोकांच्या भावना कळतात. बोट मुद्दाम आदळली असा संशय तेव्हापासून घेतला जातो. तो सिद्ध झालेला नाही, आणि आपल्या मुद्द्याला त्याची गरजही नाही.

बोटीचे मालक जेकब हर्ड आणि त्यांचे भागीदार यांनी पूल कंपनीवर नुकसानभरपाईचा दावा लावला. सप्टेंबर १८५७ मध्ये शिकागोत तो चालला, न्यायाधीश पुन्हा मॅक्लीनच होते, आणि पूल कंपनीच्या वकिलांत स्प्रिंगफील्डचे अब्राहम लिंकन होते. राष्ट्राध्यक्षपद अजून साडेतीन वर्षे दूर होते. बोटवाल्यांचे म्हणणे असे, की खांब धारेला तिरपा आहे, त्यामुळे पाणी वळसे घेते आणि बोट हाताबाहेर जाते. नदी ही सर्वांची खुली वाट आहे, तिच्यात अडथळा उभारण्याचा हक्क कुणालाही नाही. यातला पहिला भाग वस्तुस्थितीचा होता आणि लिंकननी त्याला प्रवाहाचा वेग, बोटीची चाल आणि बंद पडलेले चाक यांच्या तपशिलांनी उत्तर दिले. दुसरा भाग तत्त्वाचा होता. तिथे त्यांनी जे मांडले ते या सगळ्या विषयाच्या मुळाशी जाते: नदीतून वर-खाली जाण्याचा जसा हक्क आहे, तसाच नदी ओलांडून पूर्वेकडून पश्चिमेकडे जाण्याचाही हक्क आहे, आणि दोन्ही सारखेच आहेत.

तत्त्व मांडून ते थांबले नाहीत, त्यांनी आकडे ठेवले. दुरुस्तीनंतर पूल ८ सप्टेंबर १८५६ रोजी पुन्हा सुरू झाला, तेव्हापासून ८ ऑगस्ट १८५७ पर्यंत १२,५८६ मालवाघिणी आणि ७४,१७९ प्रवासी त्यावरून गेले होते. आपण भागाकार करून पाहू. हे ३३४ दिवस होतात. म्हणजे रोज साधारण ३८ वाघिणी आणि २२२ प्रवासी. आजच्या मानाने हे नगण्य आहे. पण लिंकननी त्याला एक वाक्य जोडले: नदी बर्फाने गोठून त्या वर्षी जवळजवळ चार महिने बंद होती. पूल त्या चार महिन्यांतही चालू होता. म्हणजे जो हक्क वर्षातले आठ महिने वापरता येतो, त्याच्यासाठी बारा महिने वापरता येणारा हक्क पूर्णपणे मिटवायचा का, असा तो सवाल होता.

लिंकननी हा खटला जिंकला असे पुष्कळदा लिहिले जाते. तसे झाले नाही. ज्युरीत नऊ जण पुलाच्या बाजूने आणि तीन जण विरुद्ध राहिले, एकमत झाले नाही आणि दावा अनिर्णित सुटला. पुढच्याच वर्षी जेम्स वॉर्ड या सेंट लुइसच्या बोटमालकाने दावा लावला, आणि त्यात आयोवाच्या न्यायाधीशाने आपल्या राज्याच्या हद्दीतला पुलाचा भाग काढून टाकण्याचा हुकूम दिला. तो हुकूम अखेर सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. न्यायालयाचे एक कारण अगदी व्यवहारी होते: हा युक्तिवाद मान्य केला तर मिसिसिपीवर कुठेही कायदेशीर पूल बांधताच येणार नाही.

५. भांडणाची मापे झाली

आता १८६६ कडे येऊ. त्या वर्षी जुलैमध्ये अमेरिकन काँग्रेसने मिसिसिपीवर अनेक पुलांना एकदम परवानगी देणारा कायदा केला. त्यात बांधणाऱ्यासमोर दोन पर्याय ठेवले. एक, उंच पूल: महापुराच्या पातळीच्या वर किमान ५० फूट आणि गाळे किमान २५० फुटांचे. दुसरा, बुटका पण फिरता पूल: मुख्य धारेवर फिरता गाळा आणि मधल्या खांबाच्या दोन्ही अंगांना किमान १६० फूट मोकळी वाट, खांब प्रवाहाला समांतर. एफी आफ्टनची वाट सुमारे १२० फुटांची होती आणि खांब तिरपा असल्याची तक्रार होती, हे आठवले की या आकड्यांचे मूळ शोधायला लांब जावे लागत नाही. दहा वर्षांपूर्वी साक्षीपुराव्यांत जे घासले गेले, ते आता कलम बनून आले.

त्याच कायद्यात आपल्या तिसऱ्या प्रश्नाचेही उत्तर होते. बोटीने रीतसर इशारा दिला की गाळा ताबडतोब उघडायचा. अपवाद फक्त पुलावरून गाडी जात असतानाचा. आणि गाडी गेल्यावर विनाकारण उशीर लावायचा नाही. म्हणजे आधी बोट, पण पुलावर चढलेली गाडी सोडून.

यावर एक आक्षेप घेता येतो, आणि तो आजही घेतला जातो. लिंकनच्या युक्तिवादाप्रमाणे दोन्ही हक्क सारखे असतील, तर नियमाने बोटीला झुकते माप का दिले? नदीवरच्या जुन्या धंद्याचे वजन, हे त्याचे एक कारण नक्कीच आहे. पण मला दुसरे कारण जास्त पटते, आणि ते पाण्याचे आहे. गाडीला सिग्नलपाशी उभे राहता येते. ब्रेक लावला की ती उभी राहते आणि उभीच राहते. धारेबरोबर खाली येणाऱ्या बोटीला तसे थांबता येत नाही. ती पाण्यापेक्षा वेगाने चालत असेल तोवरच सुकाणू काम करते. थांबली की धार तिला नेईल तिकडे ती जाते. एफी आफ्टनचे एक चाक थांबले आणि काय झाले ते आपण पाहिले. थांबणे ज्याला झेपते त्याने थांबावे, हा त्या नियमाचा खरा आधार आहे, आणि गाडी पुलावर असतानाचा अपवादही त्याच न्यायाने येतो.

दुसरा आक्षेप असा: आज बोटी किती जातात? रस्ते आणि रेल्वे भरून वाहत असताना एका बोटीसाठी शेकडो लोकांनी ताटकळायचे? बोटी मोजल्या तर आक्षेप बरोबर वाटतो, माल मोजला तर चित्र पालटते. वरच्या मिसिसिपीवर एक बोट साधारण १५ बार्जचा, म्हणजे सपाट बुडाच्या बिनइंजिनाच्या मालनौकांचा, ताफा ढकलत नेते. एका बार्जमध्ये सुमारे १,५०० टन धान्य मावते, म्हणजे ताफ्यात २२,५०० टन. रेल्वेच्या एका वाघिणीत १०० टन धरले, तर तेवढ्या मालाला २२५ वाघिणी लागतील. हे उत्तर प्रत्येक पुलाला लागू पडत नाही, हेही मान्य केले पाहिजे. ज्या नदीवर आता फक्त सहलीच्या नौका जातात, तिथे आठवड्यातल्या किंवा दिवसातल्या ठरावीक वेळांना पूल उघडण्याचे बंधन घालणे मला वाजवी वाटते.

६. मधल्या खांबाची किंमत

मग फिरते पूल कमी का होत गेले? यंत्र कमजोर होते म्हणून असे सांगितले जाते, आणि त्याला पुरावाही दिला जातो. नॉर्वॉकच्याच नदीवर १८९६ साली बांधलेला फिरता पूल २०१४ च्या मे आणि जून महिन्यांत दोनदा उघडल्यावर बंदच होईना, आणि न्यूयॉर्क ते बॉस्टन हा अत्यंत गजबजलेला रेल्वेमार्ग खोळंबला. पण ११८ वर्षे काम करून थकलेल्या यंत्राला कमजोर म्हणणे जरा अन्यायाचे आहे. मुख्य कारण तो मधला खांब. बार्जचे ताफे जितके रुंद आणि लांब होत गेले, तितका धारेतला खांब धोक्याचा झाला. १९१४ सालच्या आपल्या पांबन पुलाचे दोन पंख वर उचलले जात. नव्या पांबन पुलाचा ७२.५ मीटरचा गाळा अखंड सरळ वर जातो. या दोन्ही रचनांत बोटीच्या वाटेत मधला खांब नसतो. अमेरिकेत १९४० साली असा कायदा झाला, की जुना पूल नौकानयनाला अवाजवी अडथळा ठरला तर तो बदलण्याच्या खर्चात केंद्र सरकार वाटा उचलेल. त्यानंतर मिसिसिपीवरचे कितीतरी फिरते गाळे गेले. आयोवातल्या बर्लिंग्टनच्या रेल्वे पुलाचा फिरता गाळा २०११ मध्ये काढून तिथे वर उचलणारा गाळा बसवला.

रॉक आयलंडचा पूल मात्र टिकला. लाकडी पुलाऐवजी १८७२ साली सरकारने बेटाच्या टोकाशी नवा लोखंडी पूल बांधला, कारण बेटावर तोवर लष्कराचा शस्त्रकारखाना आला होता. १८९६ साली त्याच खांबांवर राल्फ मोजेस्की या पोलंडमध्ये जन्मलेल्या इंजिनिअरने सध्याचा पूल उभारला. वरच्या मजल्यावर रेल्वे, खालच्या मजल्यावर रस्ता, आणि दोन्ही मजल्यांसह पूर्ण ३६० अंशांत फिरणारा साडेतीनशे फुटांहून लांब गाळा. मालकी लष्कराची, म्हणून नाव गव्हर्न्मेंट ब्रिज.

तो का टिकला याचे कारण माझ्या मते पुलात नसून त्याच्या खाली आहे. १९३४ साली नदीवर तिथे धरण आणि लॉक झाले. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला पाण्याचा हौद. बोट आत घेऊन पाणी भरतात किंवा सोडतात आणि ती धरणाच्या वरच्या किंवा खालच्या पातळीला जाते. हा लॉक नेमका फिरत्या गाळ्याखाली आहे आणि त्याची रुंदी ११० फूट आहे. तीन बार्ज शेजारी-शेजारी बांधले तर रुंदी १०५ फूट होते. म्हणजे जो ताफा लॉकमध्ये मावतो, त्याला पुलाची वाट अपुरी पडत नाही, आणि ज्याला पुलाची वाट अपुरी पडेल तो लॉकमध्येच शिरू शकत नाही. बोटींच्या रुंदीला लगाम लॉकने घातला, आणि मधल्या खांबाविरुद्धचा सगळ्यात मोठा मुद्दा इथे निकालात निघाला. लांबीचे मात्र तसे नाही. लॉक ६०० फूट लांब आणि पंधरा बार्जचा ताफा त्याच्या जवळजवळ दुप्पट. तेव्हा ताफा मध्ये तोडून अर्धा आधी आणि अर्धा नंतर काढावा लागतो. रॉक आयलंडला आता भांडण झालेच तर ते फुटांवरून होणार नाही, मिनिटांवरून होईल.